पाण्यातलं औषध

खेड्यात विहिरीला क्लोरीन घातलं की 'क्लोरीन घातलं' असं कुणी म्हणत नाही, 'औषध टाकलं' म्हणतात. ग्रामपंचायतीचा माणूस टीसीएल पावडर बादलीत कालवतो, गाळ खाली बसू देतो आणि वरचं निवळ पाणी विहिरीत सोडतो. त्या दिवशी बायका हंडे भरता भरता नाक मुरडतात. "आज पाण्याले औषधाचा वास येऊन राहिला," हे वाक्य मी विदर्भातल्या नोकरीत किती वेळा ऐकलं असेल याची गणती नाही. पण ती कुरकुर सोडली तर त्या औषधाविरुद्ध कुणी कधी भांडलं नाही. पटकी आणि हगवण डोळ्यांनी पाहिलेल्या पिढीला त्याची गरज समजावून सांगावी लागत नव्हती.

खरं म्हणजे क्लोरीन हे पाण्याचं औषध आहे, माणसाचं नव्हे. ते पाण्यातले जंतू मारतं, त्याचं काम पाण्यातच संपतं. आपल्या पोटात जाऊन त्याने काही करावं अशी कुणाची अपेक्षा नसते. पण समजा पाणी स्वच्छ आहे, पिण्यासारखं आहे, आणि तरीही पिणाऱ्याच्या शरीराला अमुक एक फायदा व्हावा म्हणून त्यात काही मिसळलं, तर? ते मात्र खरोखरच पाण्यातून दिलेलं औषध. नळ सोडला की आलंच. नको म्हणायची सोय नाही. अशा औषधावर जगात ऐंशी वर्षं वाद चालू आहे आणि तो मुख्यतः दातांचा वाद आहे. म्हणजे फ्लोराइडचा.

मी डॉक्टर नाही आणि रसायनशास्त्रही माझा विषय नव्हता. मराठी शिकवण्यात हयात गेली. पण हा वाद माझ्या बहिणीच्या मुलीच्या घरात शिरला आणि तिथून फोनवरून माझ्या घरात आला. मग शिक्षकी सवयीने जमेल तेवढं वाचून काढलं. त्यातलं जे पटलं ते इथे लिहिते आहे.

माझी भाची २०१२ पासून कॅनडातल्या कॅल्गरी शहरात राहते. या शहराचा आणि फ्लोराइडचा संसार म्हणजे भांडण, काडीमोड आणि पुन्हा लग्न असा आहे. १९५७, १९६१, १९६६ आणि १९७१ अशा चार मतदानांत तिथल्या नागरिकांनी 'नको' म्हटलं. १९८९ मध्ये 'हवं' म्हटलं आणि १९९१ पासून ते नळाला आलं. १९९८ मध्ये पुन्हा मत घेतलं, पुन्हा 'हवं'. २०११ मध्ये नगर परिषदेने लोकांचं मत न घेताच ते बंद केलं. २०२१ च्या ऑक्टोबरात पुन्हा कौल घेतला, तेव्हा शंभरातल्या सुमारे ६२ जणांनी 'हवं' म्हटलं. मग नवी यंत्रं बसवून ३० जून २०२५ पासून ते परत सुरू झालं. आपल्याकडे पाणी येतं की नाही यावर निवडणुका होतात. पाण्यात काय असावं यावर सात-सात वेळा मतदान होतं, याचं मला कौतुकच वाटलं.

२०२१ चं ते मतदान भाचीचं त्या देशातलं पहिलं. तेव्हा तिचा मुलगा पाच वर्षांचा होता आणि त्याच्या दाढा किडल्या होत्या. एक-दोन नाही, सहा. एवढ्या लहान मुलाला खुर्चीत बसवून ते काम होण्यासारखं नव्हतं, म्हणून पूर्ण भूल द्यावी लागली. भूल उतरताना तो कसा भेदरून रडला हे सांगताना फोनवर तिचाच आवाज फुटत होता. रोज दोनदा ब्रश करणारं, चॉकलेटं मोजून खाणारं घर आहे ते. त्या बाईने रागाने जाऊन 'हवं' वर खूण केली.

तिच्या रागाला आकड्यांचा आधारही होता. कॅल्गरीने २०११ मध्ये फ्लोराइड बंद केलं, पण त्याच प्रांतातल्या एडमंटनने चालू ठेवलं. त्यामुळे संशोधकांना आयतीच तुलना करायला मिळाली. बंद केल्यानंतर सात-आठ वर्षांनी दुसरीतल्या मुलांचे दात तपासले, तर दुधाच्या दातांत कीड असलेली मुलं कॅल्गरीत शंभरात ६५ आणि एडमंटनमध्ये शंभरात ५५ निघाली. म्हणजे दर दहा मुलांमागे एका मुलाचा फरक. आकडा म्हणून तो लहान वाटेल. ज्या घरातलं मूल ते दहावं असेल, त्या घराला लहान वाटणार नाही.

आता गोष्ट इथेच संपली असती. पण २०२५ च्या सुरुवातीला भाचीला मुलगी झाली. काही कारणाने अंगावरचं दूध पुरेना, म्हणून बाटलीने पावडरचं दूध सुरू केलं. ते दूध नळाच्या पाण्यात कालवायचं. आणि बाळ चार महिन्यांचं असताना नळाला पुन्हा फ्लोराइड आलं. भाचेजावई शांत माणूस, सहसा बोलत नाही. पण त्या दिवशी तो म्हणाला, "मोठ्याच्या दातांसाठी तू मत दिलंस. आता धाकटीच्या डोक्याचं काय?"

त्याने म्हणे कुठे कुठे वाचलं होतं की फ्लोराइडने मुलांच्या बुद्धीवर परिणाम होतो. भाची म्हणाली, ह्या सगळ्या अफवा. तो म्हणाला, अमेरिकन सरकारचा अहवाल अफवा कसा? आठ दिवस घरात त्यावरून अबोला. मग तिने मला फोन केला. "मावशी, तू त्या गावात होतीस ना, जिथे सगळ्या पोरांचे दात पिवळे होते? तू सांग बाई काय ते."

ते गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, पांढरकवड्याच्या बाजूचं. १९८४ ते १९९१ अशी सात वर्षं मी तिथे शिकवत होते. गावात पूर्वी पायऱ्यांची विहीर होती. लोक पाण्यात उतरून घागरी भरायचे आणि त्या पाण्यातून गावात नारू पसरायचा. पायातून लांबलचक दोऱ्यासारखी अळी बाहेर यायची, लोक ती काडीला गुंडाळत बसायचे. नव्या पिढीला हे खरंही वाटणार नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर सरकारने बोअर मारून हापशी बसवली. बंद, स्वच्छ, थंड पाणी. नारू गेला, हगवण कमी झाली. गावाने हापशीला नारळ फोडला होता, आणि तो योग्यच होता.

मी गेले तेव्हा त्या हापशीच्या पाण्यावर वाढलेली पोरं शाळेत होती. जवळजवळ सगळ्यांच्या पुढच्या दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे, काहींच्या दातांवर तपकिरी डाग. एकदा तपासणीला आलेले साहेब वर्गात पोरांना ओरडले, "दात घासत नाही का रे? गुरुजी-बाई काय शिकवतात तुम्हाला?" पोरं खाली बघत उभी राहिली. त्यातली निम्मी सकाळी माझ्यासमोर राखुंडीने दात घासूनच शाळेत यायची. डाग दाताच्या वर नव्हते, आत होते. दात हिरडीच्या आत तयार होतानाच ते पडतात, कितीही घासलं तरी जात नाहीत.

माझ्याकडे सातवीच्या वर्गाचा १९८८ चा एक फोटो आहे. एकोणतीस मुलं-मुली आणि एकाचेही दात दिसत नाहीत. फोटोवाल्याने 'हसा' म्हटल्यावर सगळ्यांनी ओठ मिटून हसून घेतलं. मुली तर बोलतानाही तोंडासमोर पाटी धरायच्या. त्यांच्यापैकी एकीला बघायला आलेली मंडळी दात पाहून परत गेली, हे तिच्या आईने मला चुलीपाशी बसून सांगितलं. शेजारच्या गावात प्रमाण याहून जास्त होतं. तिथे पंचेचाळिशीतली माणसं मान वळवायची तर सगळं अंग वळवायची.

पुढे पाण्याची तपासणी झाली. मर्यादेच्या तिप्पट फ्लोराइड निघालं आणि हापशीला लाल रंग फासला गेला. लाल रंग म्हणजे पिऊ नका. पण मग प्यायचं काय? ज्यांच्याकडे बैलगाडी होती ते दोन कोसांवरच्या नदीकाठच्या विहिरीचं पाणी टाक्या भरून आणायला लागले. ज्यांच्याकडे नव्हती ते लाल हापशीच हापसत राहिले.

अमेरिकेतली फ्लोराइडची कथाही अशाच डागांपासून सुरू झाली, हे मला नंतर वाचताना कळलं आणि अंगावर काटा आला. फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य १९०१ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी गेला, तर तिथल्या लोकांच्या दातांवर तपकिरी डाग. कुणी म्हणे डुकराचं मांस जास्त खाल्ल्याने, कुणी म्हणे आणखी कशाने. मॅकेने तीस वर्षं पाठपुरावा केला. पाण्यात काहीतरी आहे हा त्याचा संशय पक्का होत गेला, पण काय ते सापडेना. १९३१ मध्ये ॲल्युमिनियमच्या एका मोठ्या कंपनीतल्या चर्चिल नावाच्या रसायनतज्ज्ञाने ते शोधलं. फ्लोराइड. मॅकेने आणखी एक गोष्ट टिपली होती. डागाळलेले हे दात किडत मात्र कमी होते.

आपल्याकडे १९३७ मध्येच तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्यातून फ्लोराइडने आखडलेल्या माणसांची नोंद झाली होती. म्हणजे साधारण एकाच काळात दोन देशांना एकच गोष्ट कळली. अमेरिकेने विचार केला, डाग पडणार नाहीत पण कीड थांबेल एवढंच प्रमाण किती? डीन नावाच्या सरकारी दंतवैद्याने गावोगावचे दात आणि गावोगावचं पाणी तपासून उत्तर काढलं, लिटरला साधारण एक मिलिग्रॅम. २५ जानेवारी १९४५ रोजी मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स या शहराच्या पाण्यात जगात पहिल्यांदा मुद्दाम फ्लोराइड मिसळलं गेलं. अकरा वर्षांनी तिथे त्यानंतर जन्मलेल्या मुलांमधली कीड साठ टक्क्यांहून जास्त घटली होती. आपल्यासमोरचा प्रश्न उलटा होता, पाण्यातलं फ्लोराइड काढायचं कसं. त्यावर नागपूरच्या 'नीरी' या संस्थेने १९७० च्या दशकात एक पद्धत बसवली. पाण्यात तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर घालून ढवळायचं, साका बसू द्यायचा आणि वरचं पाणी घ्यायचं. नालगोंडा पद्धत म्हणतात तिला. बादलीतही करता येते. फक्त रोज कुणीतरी न चुकता करायला हवी, आणि तिथेच घोडं अडतं.

आता जावयाचा अहवाल. तो अफवा नाही, हे मी भाचीला आधी सांगितलं. अमेरिकन सरकारच्या विषशास्त्र कार्यक्रमाने ऑगस्ट २०२४ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यात म्हटलंय की लिटरला दीड मिलिग्रॅमहून जास्त फ्लोराइड असलेलं पाणी आणि मुलांचा कमी बुद्ध्यांक यांचा संबंध दिसतो, आणि या निष्कर्षावर त्यांचा 'मध्यम' विश्वास आहे. ०.७ मिलिग्रॅमला, म्हणजे कॅल्गरीच्या नळाला जेवढं असतं तेवढ्याला, असा परिणाम होतो की नाही हे ठरवायला माहिती पुरेशी नाही, असंही तोच अहवाल सांगतो. दोघं नवरा-बायको एकाच कागदाचं अर्धं अर्धं पान वाचून भांडत होते.

पण मी थबकले ती दुसऱ्याच ठिकाणी. त्या अहवालात जे अभ्यास विचारात घेतलेत ते अमेरिकेतले नाहीत. कॅनडा, मेक्सिको, चीन, इराण, पाकिस्तान... आणि भारत. जिथे जमिनीनेच पाण्यात फ्लोराइड घातलंय अशा गावांतली मुलंही त्यांत आहेत. म्हणजे कॅल्गरीतल्या बाटलीची चर्चा ज्या पुराव्यावर चाललीय, त्यातला काही पुरावा माझ्या सातवीच्या वर्गासारख्या वर्गांतून गेलाय. तिथे ०.७ वर मतदान होतं. इथे त्याच्या कितीतरी पट पाणी पोरं वर्षानुवर्षं प्यायली, आणि त्यांच्या डोक्याचं काय, हा प्रश्न जावयाने विचारेपर्यंत मी कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. आम्हाला सगळ्यांना दातच दिसत होते.

दुसऱ्या बाजूचंही सांगायला हवं. ग्रँड रॅपिड्सच्या वेळी फ्लोराइडची टूथपेस्ट बाजारात नव्हती. आता घरोघरी आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये कोक्रेन या संशोधन आढाव्यांच्या जाळ्याने सगळे चांगले अभ्यास पुन्हा चाळले. १९७५ नंतरच्या अभ्यासांत पाण्यातल्या फ्लोराइडचा फायदा दर मुलामागे सरासरी पाव दात एवढाच निघाला. पाव दात! पण सरासरी ही मोठी फसवी बाई आहे. पाव दात प्रत्येकाचा वाचत नाही. ज्याच्या घरी पेस्ट आहे, दंतवैद्य आहे, त्याचा काहीच वाचत नाही आणि ज्याच्या घरी यातलं काही नाही, त्याचे दोन-तीन वाचत असतील.

विरोधकांचा सर्वांत जुना आणि मला सर्वांत वजनदार वाटणारा मुद्दा वेगळाच आहे. डॉक्टर औषध देतो तेव्हा वय विचारतो, वजन बघतो, किती गोळ्या ते लिहून देतो. नळ यातलं काही करत नाही. मात्रा ठरते तहानेवर. उन्हात राबणाऱ्याला जास्त, सावलीत बसणाऱ्याला कमी. मूत्रपिंडाच्या रोग्याला आणि तान्ह्या बाळालाही तेच. आणि मुख्य म्हणजे, तुम्ही मला विचारलं का?

गंमत अशी की ज्या क्लोरीनला आज कुणी हरकत घेत नाही, तेही पहिल्यांदा न विचारताच आलं होतं. १९०८ मध्ये अमेरिकेतल्या जर्सी सिटीच्या पाण्यात डॉ. जॉन लील यांनी कुणाची परवानगी न घेता क्लोरीन सोडलं. प्रकरण कोर्टात गेलं आणि लील जिंकले. पुढच्या काही वर्षांत शहरामागून शहरं त्या वाटेने गेली आणि विषमज्वराने मरणारे वाचले. तेव्हा 'विचारलं नाही' एवढ्यावरून एखादी गोष्ट वाईट ठरत नाही. फ्लोराइडच्या बाबतीत अशीच एक लढाई आयर्लंडमध्ये झाली. डब्लिनमधल्या ग्लॅडिस रायन या गृहिणीने सरकारवर दावा लावला, की माझ्या मुलांच्या शरीरात जाणाऱ्या पाण्यात तुम्ही मला न विचारता काही मिसळू शकत नाही. पासष्ट दिवस सुनावणी चालली. १९६३ मध्ये खालच्या आणि १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती हरली. आयर्लंडच्या नळाला फ्लोराइड आलं. पण त्या निकालात न्यायालयाने म्हटलं की स्वतःच्या शरीरावर माणसाचा हक्क आहे, घटनेत तसे शब्द नसले तरी आहे. खटला हरलेल्या बाईने सगळ्या देशाला एक हक्क मिळवून दिला. मला ही बाई फार आवडली.

तिचं म्हणणं मला विशेष पटलं ते लिथियमबद्दल वाचताना. लिथियम हे मनाच्या आजारावरचं जुनं औषध. ते काही ठिकाणच्या पाण्यात निसर्गतःच अगदी सूक्ष्म प्रमाणात असतं. १९९० मध्ये टेक्ससमधल्या २७ काउंट्यांच्या आणि २००९ मध्ये जपानमधल्या ओइता भागाच्या अभ्यासात असं दिसलं की जिथे पाण्यात लिथियम थोडं जास्त, तिथे आत्महत्या कमी. पुढच्या काही अभ्यासांत तसं दिसलं, काहींत दिसलं नाही. तरी काही अभ्यासकांनी प्रश्न मांडलाच, मग सगळ्यांच्याच पाण्यात थोडं घालावं का? मी यवतमाळ जिल्ह्यात राहिलेली बाई. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची बातमी मी पेपरात वाचली नाही, पंचक्रोशीत पाहिली. पण ज्याला कापसाचा भाव मिळत नाही, ज्याच्या डोक्यावर सावकार बसलाय, त्याच्या नळातून त्याला न सांगता मन शांत करायचं काही सोडायचं, ही कल्पनाच मला सहन होईना. दाताला काही मत नसतं. मनाला असतं. तिथे माझं उत्तर साफ 'नाही'.

मधला मार्ग आहे का? आहे, आणि तो आपल्या स्वयंपाकघरातच आहे. मिठाचा. डॉ. रामलिंगस्वामींनी १९५६ पासून हिमाचलमधल्या कांग्रा खोऱ्यात आयोडीनच्या मिठाने गलगंड कमी होतो हे दाखवलं आणि आपण देशभर तो मार्ग धरला. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहराने १९६२ पासून पाण्यात फ्लोराइड मिसळलं होतं, ते २००३ मध्ये थांबवलं. कारण त्या देशात फ्लोराइडचं मीठ मिळतं. ज्याला हवं तो ते पाकीट घेतो, नको तो दुसरं घेतो. पाण्याला असं दुसरं पाकीट नसतं.

की असतं? इथेच माझं सगळं वाचन येऊन थांबलं. भाचीला मी जे सांगितलं ते हेच. "बाळाच्या दुधासाठी काही महिने कमी फ्लोराइडचं बाटलीबंद पाणी घे. तिथले दंतवैद्य नळाचं पाणी चालतं म्हणतात, पण दातांवर पुढे फिकट पांढरे ठिपके येऊ शकतात आणि ते टाळायचे तर हा उपाय तेच सांगतात. जावयाचं मनही शांत होईल. त्याची काळजी खुळी नाही, ०.७ आणि दीड यांच्यात काही फार मोठं अंतर नाही. मोठ्याला मात्र नळाचं पाणी पिऊ दे." ती म्हणाली, "म्हणजे तू दोघांच्या बाजूने?" मी म्हटलं, "अगं, तुमच्यापाशी दोन्ही वाटा आहेत. दंतवैद्याचे पैसे भरता येतात आणि बाटल्याही विकत घेता येतात. तुझ्या इमारतीत खाली राहणारी ती दोन नोकऱ्या करणारी बाई, तिच्यापाशी यातलं काय आहे?"

फोनवर थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "तिच्या मुलाचे पुढचे चारही दात काळे आहेत, मावशी."

फ्लोराइड काढून टाका म्हणणारे आणि राहू द्या म्हणणारे, दोघंही बहुतेक बैलगाडीवाले आहेत. त्यांना दुसरं पाणी आणता येतं. नळाचं पाणी सगळ्यात जास्त कुणाचं असतं, तर ज्याला दुसरं पाणी नाही त्याचं. फ्लोराइडचा फायदा झाला तरी आधी त्याला आणि बाधलं तरी आधी त्याला. म्हणून मत घ्यायचं तर ते त्याच्यापर्यंत पोचलं पाहिजे. एकदा घेऊन भागणार नाही, नवी माहिती आली की पुन्हा विचारलं पाहिजे, कॅल्गरीने सात वेळा विचारलं तसं. आणि विचारून झाल्यावर त्याच्या मुलांचे दात कुणीतरी दरवर्षी तपासले पाहिजेत. २०२५ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या युटा राज्याने पाण्यात फ्लोराइड मिसळायला बंदी घातली, फ्लोरिडाने त्यानंतर. आपल्या शरीरावर आपला हक्क, हे ठीकच आहे. पण तिथल्या गरीब मुलांच्या दातांचं आता पुढे काय होतं याची मोजदाद कुणी ठेवणार आहे का, हे मला त्या बंदीपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.

हा फोन झाल्यावर आमच्या त्या गावच्या एका जुन्या विद्यार्थ्याला मी फोन लावला. तो आता तिथेच शेती करतो. गावात नळयोजना आलीय, लांबच्या धरणाचं पाणी येतं, नातवंडांचे दात पांढरे आहेत म्हणाला. "पण बाई, उन्हाळ्यात नळ आठ-आठ दिवस येत नाही." मग काय करता, मी विचारलं.

"मग काय, हापशी हाय ना. लाल रंग तं कवाच उडाला तिचा."